वाटप करणाऱ्याची पारख

तुलनात्मक तक्ता हा संस्थात्मक खरेदीतला सर्वांत निरुपद्रवी दिसणारा कागद. एखादी नागरी सहकारी बँक, विद्यापीठ किंवा मध्यम आकाराचा कारखाना आपल्या सर्व्हरांपुढे लोड बॅलन्सर बसवायला निघाला की हा कागद समितीच्या टेबलावर येतो. वरच्या ओळीत नावे: एफ-फाइव्हचा बिग-आयपी, नेटस्केलर, रॅडवेअरचा अल्टिऑन, ए-टेनचा थंडर, केम्पचा लोडमास्टर. डाव्या बाजूला गुण: थ्रूपुट किती गिगाबिट, सेकंदाला नव्या जोडण्या किती, एकाच वेळी उघड्या राहू शकणाऱ्या जोडण्या किती, सेकंदाला एसएसएल व्यवहार किती. पुढच्या पानांवर ‘कम्प्लाइड’ची माळ. सगळेच सगळ्यात उत्तीर्ण झाले की एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, कोण एवढाच प्रश्न उरतो, आणि तो सोडवायला फारसे डोके लागत नाही.

या तक्त्यातले आकडे खोटे नसतात. पण ते सारे ताकदीचे आकडे असतात. दारात आलेली प्रत्येक विनंती आतल्या चार-सहा सर्व्हरांपैकी कोणाकडे धाडायची, कोण दमला आहे, कोण आजारी आहे, कोण गेलाच आहे, हे सेकंदाला हजारो वेळा ठरवणे हे या पेटीचे काम. म्हणजे आपण विकत घेतो एक निर्णय घेणारा, आणि मोजतो मात्र त्याचे दंड.

वाटपाचा हा प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत १९०८ साली रुजू झालेल्या आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञापुढे तो वेगळ्या वेषात आला. शहरातले लोक मनाला येईल तेव्हा फोन उचलतात, मग एक्स्चेंजमध्ये वाहिन्या किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक ताटकळतात, जास्त ठेवल्या तर तांबे फुकट पडून राहते. १९०९ आणि १९१७ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून रांगांचे गणित उभे राहिले. दूरसंचारात भार मोजण्याचे एकक आजही त्याच्याच नावाने चालते.

या गणिताचा सर्वांत साधा निष्कर्ष कुठल्याच डेटाशीटवर छापलेला नसतो. विनंत्या आपापल्या मर्जीने येत असतील, प्रत्येकीला लागणारा वेळ कमी-जास्त असेल आणि सेवा देणारा एकच असेल, तर तो निम्मा व्यग्र असताना ग्राहकाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के व्यग्र असताना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. यंत्र बंद पडलेले नसते, दिवे हिरवेच असतात, अहवालात ‘उपलब्धता शंभर टक्के’ असेच येते. ग्राहक मात्र पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बघत बसलेला असतो. रिकामेपणा म्हणजे वाया गेलेला पैसा, ही हिशेबनिसाची समजूत इथे उलटी पडते. सेवेचा वेग टिकतो तो राखून ठेवलेल्या रिकामेपणावर.

म्हणूनच दोन पेट्यांच्या जोडीबद्दल विकणाऱ्याचा नेहमीचा युक्तिवाद मला कधी पटला नाही. एक पेटी काम करते आणि दुसरी नुसती वाट पाहत बसते, हे समितीच्या डोळ्यांत खुपते. मग ‘दोन्ही एकदम कामाला लावा, पैसे वसूल होतील’ असा सल्ला येतो. दोन्ही पेट्या ६० टक्के भारावर सुखाने चालतात, आणि एक गेली की उरलेलीवर १२० टक्के येऊन पडतात. ज्या दिवसासाठी दुसरी पेटी घेतली, नेमक्या त्याच दिवशी ती कामाची राहत नाही. दोघींना कामाला जरूर लावा, पण मग दोघींची मिळून बेरीज एकीच्या आवाक्यात ठेवावी लागते, आणि ती ठेवायची तर वसुली कसली?

वेबच्या पहिल्या वर्षांत ही पेटी नव्हती. नावाच्या बदल्यात पत्ता देणाऱ्या डीएनएसकडूनच वाटप करून घेत: पहिल्याला पहिला पत्ता, दुसऱ्याला दुसरा, संपले की पुन्हा पहिला. या युक्तीवर १९९५ साली आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेतले एक टिपणही निघाले, १७९४ क्रमांकाचे. तिची मर्यादा अशी की पत्ता सांगणाऱ्याला त्या पत्त्यावर कोणी जिवंत आहे की नाही याचा गंधही नसे. मग सिस्कोचा लोकलडायरेक्टर आला. १९९६ साली सिअ‍ॅटलमध्ये एफ-फाइव्ह निघाली आणि पुढच्या वर्षी तिने बिग-आयपी बाजारात आणला. ‘ट्विस्टर’ या चित्रपटामुळे गाजलेल्या फुजिता मापनपट्टीवरच्या सर्वांत भीषण टोर्नेडोवरून, म्हणजे वावटळीवरून, या कंपनीने आपले नाव घेतले. वावटळ आवरण्याचा धंदा करणाऱ्याने वावटळीचेच नाव लावावे, हा विनोद त्यांनी जाणूनबुजून केला की नाही कोण जाणे.

वाटपाच्या पद्धती डेटाशीटवर दहा-बारा लिहिलेल्या असतात, व्यवहारात तीन-चारच चालतात. पाळीपाळीने देणे ही पहिली. सर्व्हरच्या ऐपतीप्रमाणे पाळ्या कमी-जास्त करणे ही दुसरी. ज्याच्याकडे या घडीला सर्वांत कमी जोडण्या उघड्या आहेत त्याला देणे ही तिसरी, आणि ऐकायला सर्वांत शहाणी. ज्याच्या हाती काम कमी त्याला पुढचे काम, यात वावगे ते काय?

वावगे असे की हात रिकामे असण्याची कारणे दोन असतात. तालुक्याच्या कचेरीत एका टेबलावरचा कारकून प्रत्येकाचे कागद नीट पाहतो, म्हणून त्याच्यापुढे रांग. शेजारचा मान वर न करता ‘आज नाही, उद्या या’ म्हणतो, म्हणून त्याच्यापुढे कोणीच नाही. दारातल्या शिपायाला रांगेची लांबी तेवढी दिसते. तो येणाऱ्या प्रत्येकाला त्या मोकळ्या टेबलाकडे पाठवतो. डेटाबेसशी संपर्क तुटलेला सर्व्हर नेमका असाच वागतो. त्याला काही करायचेच नसते, म्हणून तो काही मिलिसेकंदांत ‘५००’ ही चूक परत करतो. जोडणी लगेच मिटते, त्याच्या नावावर सर्वांत कमी भार दिसतो, आणि सर्वांत कमी जोडण्यांचा न्याय सगळी गर्दी त्याच्याच गळ्यात घालतो. चार सर्व्हरांपैकी एक बिघडला तर चौथा हिस्सा ग्राहक दुखावले जावेत. इथे बहुतेक सगळेच दुखावले जातात. याच पद्धतीचा दुसरा बळी म्हणजे नुकताच सुरू झालेला सर्व्हर. त्याच्या खात्यावर शून्य जोडण्या, म्हणून डोळे चोळत उठलेल्यावर पहिल्याच क्षणी सगळा लोंढा. चांगल्या पेट्यांत नव्याला हळूहळू भार देण्याची सोय असते. ती आहे की नाही हे तक्त्यात कोणी विचारत नाही, कारण तिला गिगाबिटांत मोजता येत नाही.

म्हणजे प्रश्न पुन्हा जिवंत कोणाला म्हणायचे, इथे येतो. पेटी दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करते. हेल्थ चेक म्हणतात ती हीच. पण काय विचारायचे? पिंग करून पाहिले तर यंत्राला वीज आहे एवढेच कळते. पोर्ट उघडून पाहिले तर दारात कोणीतरी आहे एवढे कळते. एखादे पान मागून त्यातला ठराविक शब्द आला का हे पाहिले, तर आतले काम चालू आहे असे मानायला थोडी जागा होते. बिग-आयपीच्या तयार मॉनिटरची मूळ सेटिंग दर ५ सेकंदांनी विचारणा आणि १६ सेकंद उत्तर न आल्यास निकाल अशी असते. पाच, दहा, पंधरा: तीन हाका, आणि वर एक सेकंद भीड म्हणून.

हे सोळा सेकंद मला फार विचार करायला लावतात. त्या अवधीत मेलेल्या सर्व्हरकडे माणसे पाठवली जात असतात: कोणाचा फॉर्म अर्धवट अडकतो, कोणाचे पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत असे दिसते. मग अवधी तीन सेकंदांवर का आणू नये? कारण कामाच्या रगाड्यात सर्व्हर क्षणभर गप्प होतो. जावाची स्मृती साफ होत असते, डिस्क लिहीत असते. तेवढ्यावर त्याला मृत ठरवले तर त्याचा भार शेजाऱ्यावर जातो. शेजारी आधीच ८० टक्क्यांवर असतो. तोही गप्प होतो, त्यालाही मृत ठरवतात, आणि पाच मिनिटांत एकही सर्व्हर खरोखर न मरता अख्खी फळी कापली जाते. उशिरा ठरवले तर काहींचे नुकसान, घाईने ठरवले तर सगळ्यांचे. या दोहोंमधला आकडा कुठल्याही कंपनीच्या कारखान्यात ठरत नाही. तो ज्याच्या त्याच्या कामाच्या स्वभावावरून ठरवायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो मूळ सेटिंगवरच वर्षानुवर्षे पडून असतो.

फार चौकस तपासणीचाही एक धोका आहे. आरोग्य-पानाने डेटाबेसलाही विचारून उत्तर द्यावे, असे कोणीतरी हुशारीने लिहून ठेवते. डेटाबेस सगळ्यांचा एकच. तो दोन-चार हाका चुकला की सगळे सर्व्हर एकाच क्षणी आजारी ठरतात. मग पेटीने काय करावे? सगळ्यांची जोडणी तोडावी, ‘थोड्या वेळाने या’ असे पान दाखवावे, की सगळेच आजारी दिसतात म्हणजे आपलीच तपासणी फसली असावी असे समजून पूर्ववत वाटप चालू ठेवावे? तिन्ही वागणुकी वेगवेगळ्या यंत्रणांत आढळतात, प्रत्येकीची बाजू आहे. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला १५ लाखांच्या आसपास मुले आणि त्यांच्या कितीतरी पट नातेवाईक एकाच पानावर येतात. त्या घटकेला दिसणारे नम्र प्रतीक्षा-पान आणि पांढरा फटक पडदा यांतला फरक अशाच एखाद्या सेटिंगमध्ये असतो.

पूर्ण माहिती असती तर वाटप अचूक झाले असते, असे वाटणे साहजिक आहे. गणिताचा निर्वाळा निराळा आहे. अझर, ब्रॉडर, कार्लिन आणि उपफाल यांनी १९९४ साली एक सुंदर गोष्ट सिद्ध केली: काम डोळे मिटून कुठल्याही एका ठिकाणी टाकण्याऐवजी कुठलीही दोन ठिकाणे उचलून त्यांतल्या कमी भाराच्या जागी टाकले, तर सर्वांत लादलेल्या जागेवरचा बोजा कमालीचा उतरतो. तीन, चार, पाच ठिकाणे पाहिल्याने पुढे होणारा फायदा त्यामानाने किरकोळ. मायकेल मिटझेनमाखर याने १९९६ च्या आपल्या प्रबंधात हा विचार रांगांपर्यंत नेला, आणि पुढे शिळ्या माहितीचाही हिशेब मांडला. माहिती जुनी असेल आणि सगळे तिच्याच आधारे ‘सर्वांत मोकळ्या’ जागी धावले, तर ती जागा चेंगरून जाते. त्यापेक्षा थोडे कमी जाणून थोडे दैवावर सोडणारा सुखात राहतो. एंजिनएक्स आणि एचएप्रॉक्सी या वाटप करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरांमध्ये ही दोन-निवडींची पद्धत आज तयार मिळते. सर्वज्ञतेचा हव्यास सोडला की न्याय जास्त बरा होतो, हे एखाद्या संताने सांगितले असते तर आपण मान डोलावली असती. इथे ते प्रमेय आहे.

तक्त्यातल्या आकड्यांकडे थोडे जवळून पाहू. थ्रूपुट मोजतात मोठमोठ्या फाइली वाहून, सेकंदाच्या जोडण्या मोजतात चिमुकल्या उत्तरांवर. दोन्ही विक्रम त्याच पेटीचे, पण एका वेळचे नव्हेत. एसएसएलचा रकाना तर आणखी निसरडा. २०१३ अखेरपर्यंत प्रमाणपत्रे १०२४ बिटांच्या आरएसए किल्लीवरून २०४८ वर गेली आणि प्रत्येक हस्तांदोलनामागे सर्व्हरच्या बाजूचे गणित पाचपटीहून अधिक जड झाले. पेटी तीच, आकडा कोसळला. पुढे लंबवर्तुळी वक्रांची पद्धत आली, ईसीसी. जुन्या अनेक पेट्यांमधली खास चिप आरएसएसाठी कोरलेली होती. नवे गणित तिला येईना, तेव्हा ते काम साध्या प्रोसेसरच्या अंगावर पडले. एसएसएलचा वारस असलेल्या टीएलएसच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीने तर आरएसएने किल्ली पोचवण्याचा जुना मार्गच बंद केला. सिलिकॉनमध्ये कोरलेले कौशल्य वेगवान असते, आणि जगाने पद्धत बदलली की निकामी होते. म्हणून ‘एसएसएल टीपीएस’ या नुसत्या रकान्याला अर्थ नाही. कुठल्या किल्लीवर, कुठल्या वक्रावर, जुनी जोडणी पुन्हा वापरून की दर वेळी नव्याने, हे लिहून मागावे. आणि पेटीतले लोखंड तेच ठेवून लायसन्सच्या जोरावर क्षमता दुप्पट करून देणाऱ्यांचे दर पहिल्याच दिवशी लिहून घ्यावेत, तिसऱ्या वर्षी नव्हे.

लोखंडाहून अल्पायुषी असते ती मालकी. नॉर्टेल या दूरसंचार-यंत्रांच्या कंपनीने २००० साली अल्टिऑन घेण्याचा करार केला तो सुमारे ७८० कोटी डॉलरचा, बराचसा शेअरांत. २००९ मध्ये नॉर्टेल दिवाळखोरीत गेली आणि रॅडवेअरने तोच अल्टिऑनचा धंदा पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास उचलला. सिस्कोने २००० मध्येच अ‍ॅरोपॉइंट या अशाच पेट्यांच्या कंपनीसाठी ५७० कोटी डॉलर मोजले आणि २०१२ मध्ये आपल्या एसीई या लोड बॅलन्सरचा पुढचा विकास थांबवला. नेटस्केलर २००५ मध्ये सिट्रिक्सकडे गेले, सिट्रिक्स २०२२ मध्ये खासगी गुंतवणूकदारांच्या हाती. केम्प २०२१ मध्ये प्रोग्रेस या कंपनीकडे. रॅकमधली पेटी जागची हलत नाही. देखभाल कराराच्या (एएमसी) कागदावरचे नाव मात्र बदलते, आणि नव्या मालकाचे दरपत्रक जुन्या ओळखीला बांधील नसते.

मग लोखंड हवेच कशाला? वेनसाँग झांगने १९९८ मध्ये लिनक्ससाठी लिहिलेले एलव्हीएस, विली तारो याचे २००१ पासूनचे एचएप्रॉक्सी फुकट आहेत आणि उत्तम आहेत. गूगलने आपला मॅगलेव्ह हा वाटप करणारा २००८ पासून साध्या लिनक्स यंत्रांवर चालवला आणि २०१६ साली त्याची रचना जगापुढे मांडली. खुद्द एफ-फाइव्हने २०१९ मध्ये एंजिनएक्स ६७ कोटी डॉलरना घेतले, यातच उत्तराचा मोठा भाग आला. ज्या संस्थेत लिनक्स कोळून प्यायलेली दोन माणसे आहेत आणि ती टिकणार आहेत, तिने पेटीवर पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक मध्यम संस्थांत अशी दोन माणसे नसतात. असलीच तर वर्षभरात पुण्या-बंगळुरूच्या मोठ्या पगारावर जातात. तिथे पेटीची किंमत म्हणजे मध्यरात्री फोन उचलणाऱ्याची किंमत. ती द्यायला हरकत नाही, फक्त आपण ती कशासाठी देतो हे ठाऊक असावे.

(काही ठिकाणी लोड बॅलन्सर म्हणून मागितला जातो तो खरे तर दोन इंटरनेट जोडण्यांचा तोल राखणारा. तिथे तक्ता करण्याआधी दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच चरातून तर येत नाही ना, हे रस्त्यावर उतरून पाहावे. जेसीबीला ब्रँड वाचता येत नाही.)

आता सर्वांत अवघड भाग. या पेटीत सगळ्या किल्ल्या असतात. बाहेरून कुलूपबंद आलेला मजकूर तिथे उघडतो. तिच्यावर ज्याचा ताबा, त्याला आतले सारे वाचता येते. डिसेंबर २०१९ मध्ये सिट्रिक्सच्या पेट्यांतल्या, जुलै २०२० मध्ये बिग-आयपीच्या व्यवस्थापन-पडद्यातल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या आणि पॅच बसवण्याआधीच जगभर घुसखोर दारे ठोठावू लागले. ऑक्टोबर २०२३ च्या ‘सिट्रिक्स ब्लीड’मध्ये तर पॅच बसवूनही भागत नव्हते, कारण आधीच चोरलेली सेशन जिवंत राहत, ती सगळी वेगळी मारावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफ-फाइव्हने जाहीर केले की एका परराष्ट्राच्या पाठबळावरच्या हल्लेखोरांनी तिच्या यंत्रणेत दीर्घकाळ राहून बिग-आयपीच्या मूळ कोडचा काही भाग नेला. यावरून अमुक कंपनी वाईट असे ठरत नाही. दारातच बसणाऱ्यावर पहिला घाव येणारच. ठरते ते इतकेच की भर दिवसा, ग्राहक जोडलेले असताना पॅच बसवता येतो की नाही, हा थ्रूपुटपेक्षा महत्त्वाचा गुण आहे. जोडीतली एक पेटी अद्ययावत करून भार तिच्याकडे वळवताना चालू जोडण्या टिकल्या, तर पॅच त्याच आठवड्यात बसतो. न टिकल्या, तर तो ‘पुढच्या रविवारी पाहू’ म्हणत महिनोन्‌महिने लांबतो.

डेमोला आलेला इंजिनिअर हौसेने एका सर्व्हरची केबल उपटतो, पान चालूच राहते आणि समिती खूश होते. ती परीक्षा आता कुठलीही पेटी पास होते. तुमच्यापुढे अशी खरेदी असेल तर केबल जागेवर राहू द्या. एका सर्व्हरला प्रत्येक विनंतीवर तत्काळ ‘५००’ द्यायला लावा आणि गर्दी कुठे जाते ते पाहा. दुसऱ्याला मुद्दाम पंधरा सेकंद उशिरा उत्तर द्यायला लावा. सगळ्यांचे आरोग्य-पान एकदम पाडा. मोठी फाइल चढत असताना जोडीतली पेटी बदला, आणि चालू भारावर फर्मवेअर चढवून दाखवायला सांगा. या पाच गोष्टी टेंडरच्या तांत्रिक अटींत लिहा, गुण त्यांनाच द्या आणि किमतीचा लिफाफा त्यानंतर उघडा. यात नापास झालेल्या पेटीचा भाव कितीही उतरलेला असो, तिला एल-वन धरू नये.